दोन खजिने : ख्वाजा महमूद गवान यांचे जीवनचरित्र

॥ श्री ॥



दामाजीपंतांची कथा ज्याला ठाऊक नाही असा भक्त आपल्या पंचक्रोशीत सापडणे कठीण. मंगळवेढ्यास भीषण दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, तेव्हा पंतांनी बादशहाच्या धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. त्या धान्याचे मोल चुकते करण्यासाठी साक्षात पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी गेला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. कीर्तनातून ही कथा ऐकताना बीदरचा तो दरबार आपण सर्वांनी मनश्चक्षूंनी पाहिलेला आहे.

त्याच बीदरच्या दरबारात १५ व्या शतकात आणखी एक कारभारी होऊन गेले. एका विशाल राज्याचा पैसा त्यांच्या हातून जात होता, आणि स्वतःच्या घरात ते मातीच्या भांड्यात जेवत होते. त्यांच्यावरही बालंट आले. मात्र त्यांना सोडविण्यास कोणी धावून आले नाही. त्यांचे नाव ख्वाजा महमूद गवान. त्यांच्या जीवनाची हकीकत आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत. धनाच्या लोभापायी एका राजघराण्याने आपला सर्वात मोलाचा माणूस गमावला, आणि त्या माणसाबरोबर आपले सर्वस्वही कसे गमावले, हे या चरित्रातून स्पष्ट दिसते. ज्यांच्या हाती कुटुंबाचा, गावाचा अथवा देवस्थानाचा पैसा असतो, त्या सर्वांनी ते वाचावे असे आम्हांस वाटते.

आपल्या भूमीचे राज्य

निर्णा व आसपासचा प्रदेश बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेला आहे. ही दोन्ही नगरे एकाच राज्याच्या राजधान्या होत्या. १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन याने बहमनी राज्याची स्थापना केली व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही राजधानी केली. पुढे १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह वली याने राजधानी बीदरला हलविली. कोकणपट्टीपासून तेलंगणापर्यंत आणि वऱ्हाडापासून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत या राज्याचा पसारा होता. मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारी प्रजा त्याच्या छत्राखाली नांदत होती. आपल्या पूर्वजांनी पिकविलेल्या धान्याचा सारा याच बीदरच्या किल्ल्यात जमा होत असे.

त्या काळी बीदरला आलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन याने आपल्या प्रवासवर्णनात येथील विरोधाभास नोंदविला आहे. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातील रयत अत्यंत दरिद्री आहे, असे त्या परक्या माणसास आढळले. या श्रीमंतीच्या ऐन मध्यभागी महमूद गवान यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे काढली.

जन्म व दक्षिणेत आगमन

महमूद गवान यांचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमध्ये, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात झाला. त्यांचे घराणे तेथील राजदरबारात मानाचे होते. परंतु दरबारातील मत्सर व कारस्थाने यांचा उपद्रव वाढत गेला, तेव्हा त्यांनी देश सोडला. पुढे जे घडले ते पाहता ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या संकटापासून ते दूर निघाले, तेच संकट हजारो कोस अंतरावर वृद्धापकाळी त्यांची वाट पाहत होते.

त्यांनी व्यापार पत्करला. निरनिराळ्या देशांत फिरून विद्वानांची व साधुपुरुषांची संगत केली. १४५३ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, ते कोकणातील दाभोळ बंदरात उतरले व तेथून बीदरला आले. बीदरमधील एका थोर सूफी सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे, व्यापार उरकावा आणि दिल्लीकडे जावे असा त्यांचा मानस होता. परंतु सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याने त्यांची योग्यता ओळखली व त्यांना ठेवून घेतले. तेलंगणातील एक बंड त्यांनी थोडक्या रक्तपातात शमविले, शरण आलेल्यांना जीवदान मिळवून दिले, आणि दरबारात त्यांचे वजन वाढले. पुढच्या सुलतानाने त्यांना मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. राज्याच्या मोठ्या सरदारांत आता त्यांची गणना होऊ लागली.

पोरक्या राजपुत्रांचा आधार

१४६१ मध्ये सुलतान हुमायून मरण पावला. गादीवर आला तो आठ वर्षांचा निजामशाह. राजमाता मखदूमा जहान ही मोठी करारी व शहाणी स्त्री होती. तिने दोन वजीर हाताशी घेऊन कारभार चालविला. त्या दोघांपैकी एक महमूद गवान होते.

राजा बालक आहे असे पाहून शेजाऱ्यांनी उचल खाल्ली. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी चाल करून आला आणि बीदर शहर त्याच्या हाती पडले. राजमाता बालराजाला घेऊन भीमेकाठच्या फिरोजाबादेस गेली. महमूद गवान यांनी गुजरातच्या सुलतानाची मदत मिळविली, शत्रूची रसद तोडली व त्याला माघार घेण्यास भाग पाडले. बालराजाची राजधानी त्याला परत मिळाली.

निजामशाह १४६३ मध्ये अकाली वारला. त्याचा धाकटा भाऊ मुहम्मदशाह तिसरा गादीवर आला, तोही नऊ-दहा वर्षांचाच होता. १४६६ मध्ये महमूद गवान राज्याचे मुख्य प्रधान झाले. म्हणजे या सुलतानाचे बालपण, शिक्षण, तारुण्य सारे त्यांच्या देखरेखीखाली गेले. रक्ताचे नाते नव्हते, तरी त्या घरात वडीलधाऱ्या माणसाचे स्थान त्यांना होते. राजमाता त्यांना भाऊ मानीत असे. या घराण्याने पुढे काय गमावले हे समजण्यासाठी हे नाते ध्यानात घेतले पाहिजे.

विजय आणि अश्रू

१४६९ ते १४७२ या काळात महमूद गवान यांनी कोकणात मोठी मोहीम केली. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर त्यांनी घेतले. १४७२ मध्ये गोवे बहमनी राज्यास जोडले. या मोहिमांत रक्त सांडले व रयतेला त्रास झाला हे आम्ही झाकून ठेवत नाही. ते आपल्या काळाचे सेनापती होते आणि राज्यविस्तार हे त्या काळच्या प्रधानाचे काम समजले जात असे.

विजयी होऊन ते बीदरला परतले तेव्हा सुलतान स्वतः त्यांच्या घरी आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला. आपल्या अंगावरील वस्त्रे त्याने त्यांना दिली. एवढा मान पूर्वी क्वचितच कोणाला मिळाला असेल. यानंतरचा प्रसंग इतिहासकार फिरिश्ता याने १७ व्या शतकाच्या आरंभी विजापुरात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे.

सुलतान निघून गेल्यावर महमूद गवान आपल्या खोलीत गेले. राजवस्त्रे उतरवून त्यांनी साधे वस्त्र अंगावर घेतले आणि ते एकटेच रडू लागले. त्यानंतर त्यांनी शहरातील विद्वान व गोरगरिबांना बोलाविले आणि घरातील रोकड, जवाहीर, सारी संपत्ती वाटून टाकली. तीनच गोष्टी त्यांनी ठेवल्या : ग्रंथ, घोडे आणि हत्ती. एका स्नेह्याने याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की ग्रंथ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहेत, घोडे व हत्ती सुलतानाचे आहेत, ते आपल्याकडे केवळ सांभाळायला आहेत. राजाने एवढा मान दिल्यावर आपल्या मनात अहंकार शिरू लागला, त्याची आपल्याला भीती वाटली, असेही त्यांनी सांगितल्याची नोंद आहे.

आपले काय आणि सांभाळायला मिळालेले काय, हा भेद त्यांनी जन्मभर पाळला. राज्याच्या पैशाचा खजिना वेगळा आणि स्वतःचा वेगळा, असे दोन खजिने ते ठेवीत. दक्षिणेत येताना त्यांनी व्यापाराचे भांडवल आणले होते. ते त्यांनी प्रधान झाल्यावरही व्यापारातच फिरते ठेवले. त्यातील नफ्यातून आपल्या जेवणाखाणाचा साधा खर्च ते चालवीत. उरलेला पैसा गिलानमधील आई व नातलग आणि गरजू लोक यांच्याकडे जाई. जहागिरीच्या प्रचंड उत्पन्नातून सैन्याचा खर्च वजा जाता जे राहील ते सुलतानाच्या नावाने दानधर्मात जाई. निजायला चटई आणि जेवायला मातीची भांडी, असा त्यांचा थाट होता.

विद्येचे मंदिर

बीदरला गेलेल्या प्रत्येकाने त्यांचा मदरसा पाहिलेला असेल. १४७२ मध्ये ही तीन मजली इमारत पूर्ण झाली. निळ्या, हिरव्या, पांढऱ्या चकचकीत फरश्यांनी तिचे दर्शनी अंग मढविलेले होते. विद्यार्थ्यांसाठी खोल्या, अध्यापकांसाठी निवास, व्याख्यानाची दालने आणि ग्रंथालय अशी तिची रचना होती. ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. दूरदूरचे विद्वान येथे शिकविण्यास येत आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होत असे. १७ व्या शतकाच्या अखेरीस, मोगलांच्या काळात, तेथे साठविलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग ढासळला. तरी उरलेला एक मिनार आणि त्यावरील रंग आजही पाहणाऱ्याला थांबवितात.

महमूद गवान स्वतः फारसीचे नामवंत लेखक होते. पत्रलेखनाच्या कलेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या पत्रांचा संग्रहही प्रसिद्ध आहे. अशा पत्रशास्त्राच्या पंडिताचा जीव पुढे एका खोट्या पत्राने घेतला, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

सुधारणा आणि दुखावलेले हितसंबंध

त्या काळी बहमनी राज्याचे चार मोठे सुभे होते आणि प्रत्येक सुभ्याचा तरफदार जवळजवळ राजाच होता. सुभ्यातील सारे किल्ले त्याच्या ताब्यात असत. फौज ठेवण्यासाठी राज्याकडून नेमणूक मिळे, पण कागदावर जेवढे शिपाई दाखवीत तेवढे प्रत्यक्षात ठेवीतच नसत. मधला पैसा सरदारांच्या घरात जाई.

महमूद गवान यांनी चार सुभ्यांचे आठ सुभे केले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला व बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या किल्लेदारांकडे दिले. प्रत्येक सुभ्यातील काही भाग खालसा करून त्याचे उत्पन्न थेट सरकारी खजिन्यात आणले. जमिनीची मोजणी व गावांच्या सीमा ठरविण्याचे काम हाती घेतले. सरदारांची नेमणूक त्यांनी कमी केली नाही, उलट वाढविली : ५०० शिपायांमागे १ लाख होन मिळत, ते सव्वा लाख केले. परंतु हजेरीत जेवढे शिपाई कमी भरतील, त्या मानाने रक्कम कापून घेण्याचा नियम केला.

हिशेबाने पाहिले तर यात प्रामाणिक सरदाराचे काहीच नुकसान नव्हते. नुकसान होते ते खोट्या हजेरीवर पोसलेल्यांचे. दरबारात दखनी व परदेशी अशी दोन गटांची जुनी तेढ होती. महमूद गवान यांनी दोन्ही गटांतील माणसांना सुभे वाटून समतोल राखण्याचा प्रयत्न केला, तरी ते स्वतः परदेशी असल्याने संशय राहिलाच. दखनी गटाचा पुढारी मलिक हसन निजाम-उल-मुल्क याच्याकडे तेलंगणाचा मोठा सुभा होता. त्याचे दोन भाग होऊन त्याच्या वाट्याला राजमहेंद्रीचा भाग तेवढा राहिला. ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही.

तोपर्यंत राजमाता मखदूमा जहानही राहिली नव्हती. १४७३ मध्ये बेळगावच्या मोहिमेच्या सुमारास तिचे निधन झाले. घरातील शहाणे वडीलधारे माणूस गेले की काय होते, ते आपण आपल्या अवतीभवती पाहतो. तरुण सुलतान मद्याच्या आहारी जाऊ लागला होता, आणि कोण आपला व कोण परका हे त्याला समजावून सांगणारी आई आता नव्हती.

खोटे पत्र

१४८१ मध्ये सुलतान पूर्व किनाऱ्याच्या मोहिमेवर होता. कांचीच्या मंदिरांत सोने व रत्ने अपार आहेत असे त्याच्या कानी आले. महमूद गवान यांना कोंडापल्लीच्या छावणीत मागे ठेवून तो निवडक स्वारांनिशी तिकडे धावला व मंदिरे लुटून आला. धनाची ही तहान मनात ताजी असतानाच पुढील प्रसंग घडला.

महमूद गवान यांची मुद्रा सांभाळणारा एक सेवक होता. कारस्थानी मंडळींनी त्याच्याशी मैत्री केली, त्याला भेटी दिल्या, दारू पाजली, आणि नशेत असताना एका कोऱ्या कागदावर मुद्रा उठवून घेतली. त्या कागदावर ओडिशाच्या गजपती राजाच्या नावे पत्र लिहिले गेले. सुलतान व्यसनी झाला आहे, राज्य दुबळे झाले आहे, चाल करून यावे, आपण मिळून वाटून घेऊ, असा त्यातील मजकूर होता. सुलतान मद्याच्या धुंदीत असताना, मलिक हसन जवळ बसलेला असताना, हे पत्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले.

सुलतानाने चौकशी केली नाही. पत्र कोणाजवळ सापडले, तो जासूद कुठे आहे, एवढेही त्याने विचारले नाही. त्याने तत्काळ प्रधानास बोलावणे पाठविले. स्नेह्यांनी धोका ओळखला आणि जाऊ नका, स्वार तयार आहेत, गुजरातकडे निघावे, असे विनविले. महमूद गवान यांनी ते मानले नाही. बहमनी घराण्याच्या सेवेत केस पांढरे झाले, ते त्याच सेवेत रक्ताने लाल झाले तरी त्यात आपला सन्मानच आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन ते गेले.

सुलतानाने पत्र पुढे केले. मुद्रा आपली आहे, अक्षर आपले नाही, या पत्राची आपल्याला काहीच माहिती नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ऐकण्याच्या मनःस्थितीत सुलतान नव्हता. त्याने जौहर नावाच्या हबशी गुलामास आज्ञा केली व तो उठून जनानखान्यात गेला. वृद्ध प्रधानाने गुडघे टेकले, ईश्वराचे स्मरण केले, आणि तलवारीचा घाव पडला. तो दिवस होता ५ एप्रिल १४८१. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते.

रिकामा खजिना

यानंतर जे घडले त्यासाठीच आम्ही हे चरित्र लिहिण्यास घेतले. इतकी वर्षे राज्याचा कारभार ज्याच्या हाती होता, त्याच्या घरात अलोट द्रव्य असणारच, असा सुलतानाचा ठाम समज होता. त्याने महमूद गवान यांचा खजिनदार निजामुद्दीन हसन गिलानी यास बोलावून सारी रोकड, जवाहीर व सोन्याचांदीची भांडी हजर करण्यास फर्माविले.

खजिनदाराने अभय मागून घेतले आणि दोन खजिन्यांची हकीकत सांगितली. एका खजिन्यास मालक सुलतानाचा खजिना म्हणत. त्यातून सैन्याचा व घोड्यांचा खर्च चाले. त्यात थोडेच लारी व होन शिल्लक होते. दुसऱ्यास ते फकिरांचा खजिना म्हणत. त्यात होते अवघे ३०० लारी. लारी म्हणजे त्या काळी किनाऱ्यावरील व्यापारात चालणारे चांदीचे नाणे. घरात होते काय, तर चटई, काही मातीची भांडी आणि ग्रंथ. ग्रंथही विद्यार्थ्यांसाठी दिलेले.

जेथे सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवत, अशा राज्यात मुख्य प्रधानाची ही शिल्लक होती.

मग त्या खजिनदाराने धीर करून सुलतानास विचारले, की ते पत्र घेऊन जाणारा माणूस कोण व तो कोठे आहे. सुलतानाने कारस्थान्यांना तेच विचारले. कोणाजवळही उत्तर नव्हते. हा प्रश्न एका दिवसापूर्वी विचारला गेला असता तर एक निरपराध जीव वाचला असता, आणि एक राज्यही.

सुलतानाने प्रधानाचे पार्थिव सन्मानाने बीदरला पाठविले. शहराबाहेर त्यांची साधी कबर आजही आहे.

घर कसे बुडाले

पश्चात्तापाने मेलेला माणूस परत येत नाही, आणि मोडलेला विश्वासही परत येत नाही. यूसुफ आदिलखान, इमाद-उल-मुल्क यांच्यासारख्या मातब्बर सरदारांनी सुलतानाच्या छावणीशेजारी उतरण्याचे नाकारले. ते आपले तळ दूर ठोकून राहू लागले. ज्या राजाने महमूद गवान यांच्यासारख्या माणसाचे ऐकून घेतले नाही, त्याच्या राज्यात आपला जीव सुरक्षित नाही, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. सुलतान दिवसेंदिवस अधिकच दारूत बुडाला. मार्च १४८२ मध्ये, वर्षही पुरते उलटले नाही तोच, तिशीच्या आत त्याचा अंत झाला. महमूद गवान आपल्याला फाडून टाकीत आहेत असे तो शेवटच्या घटकांत ओरडत होता, असे फिरिश्ता लिहितो.

मलिक हसन आता राज्याचा सर्वेसर्वा झाला. परंतु पाच वर्षांतच त्याच्यावरही दरबार उलटला. १४८६ मध्ये तो बीदरला पळून आला व राजघराण्याच्या खजिन्याला हात घालून फौज जमवू लागला. तेथेच, ज्याच्या आश्रयाला तो गेला होता त्या बीदरच्या सुभेदाराने त्याचा वध केला. त्याचा मुलगा अहमद याने पुढे १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही स्थापन केली हे खरे. म्हणजे घराण्याला राज्य मिळाले, पण बाप ते पाहायला उरला नाही.

विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा असे एक एक सुभे सुटत गेले. बीदरमध्ये खरी सत्ता बरीद घराण्याच्या हाती गेली आणि बहमनी सुलतान आपल्याच किल्ल्यात कैद्यासारखे राहू लागले. रोजच्या खर्चाला पैसा नाही म्हणून एका सुलतानाने पूर्वजांचा राजमुकुट मोडला व त्यातील रत्ने गुपचूप विकली, अशी नोंद फिरिश्ताने केली आहे. शेवटचा सुलतान कलीमुल्लाह बीदर सोडून विजापूर व अहमदनगर येथे आश्रय मागत फिरला, आणि परक्या दारातच त्याचे आयुष्य संपले.

बीदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. अहमदशाह वलीची कबर भव्य आहे, तिच्या घुमटाच्या आत सोनेरी व रंगीत नक्षी आहे. ओळीच्या टोकास कलीमुल्लाहची म्हणून दाखवितात ती कबर इतकी लहान आहे, की एखाद्याला ती पहारेकऱ्याची खोली वाटावी. आपल्यापैकी जे बीदरला जातील त्यांनी मदरसा पाहून झाल्यावर अष्टूरलाही अवश्य जावे.

आपल्यासाठी बोध

भक्तजनहो, ही गोष्ट राजांची असली तरी तिच्यातील दुःख आपल्या घरांत शिरलेले आहे. वाटणीच्या वेळी थोरल्या भावाने किंवा चुलत्याने घरातील सोने दडविले असेल, असा संशय येतो. तीस वर्षे ज्याने बी-बियाणे, औषधपाणी, लेकीबाळींची लग्ने सांभाळली, त्याच्या पेटीचे कुलूप फोडले जाते. पेटीत बहुधा जुन्या पावत्या आणि थोडीफार रोकड निघते. तोवर बोलायचे नव्हते ते बोलून झालेले असते, आणि त्या घरात एका ताटात जेवणारे भाऊ पुढे एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. धन तर मिळत नाहीच, आणि जे जवळ होते ते जाते.

कुटुंबाचा खरा ठेवा म्हणजे एकमेकांवरील विश्वास. बहमनी घराण्याजवळ तो एका वृद्ध माणसाच्या रूपाने होता. दुसऱ्याच्या घरात मोठा खजिना आहे या कल्पनेने सुलतानाचे डोळे दिपले, म्हणून समोरचा माणूस त्याला दिसला नाही.

दुसरा बोध आम्हां विश्वस्तांसाठी आहे. देवस्थानाचा पैसा भाविकांच्या घामाचा असतो. कोणी गहाण ठेवलेले मंगळसूत्र सुटल्यावर नवस फेडतो, कोणी पहिल्या पगारातून पावती फाडतो. तो पैसा ज्यांच्या हाती आहे त्यांनी दोन खजिने नेहमी वेगळे ठेवावेत, दानपेटी पंचांसमक्ष उघडावी, हिशेब कोणीही मागितला तरी दाखविता येईल असा असावा. महमूद गवान यांच्या खजिनदाराला मृत्यूच्या छायेत उभे राहून शेवटच्या लारीपर्यंतचा हिशेब सांगता आला. आम्हांलाही तसा सांगता यावा.

आणि ज्यांना हिशेब मागण्याचा अधिकार आहे, त्या भाविकांनाही आमची एक विनंती आहे. शंका अवश्य घ्यावी, प्रश्न अवश्य विचारावेत, कागद पाहावेत. मात्र निवाडा करण्याआधी विचारावे. सुलतानाने प्रश्न विचारला, पण तो माणूस गेल्यावर.

श्रींच्या कृपेने आपणा सर्वांच्या घरी समाधान व परस्परविश्वास नांदो, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥